विश्लेषण : मृत जुळ्याच्या लाकडी मूर्तीला न्हाऊ का घालतात? योरुबांच्या देव्हाऱ्यातील मूर्ती नेमक्या कोणाच्या?

रिचर्ड आणि जॉन लँडर हे ब्रिटिश प्रवासी बंधू १८३० मध्ये आजच्या नैऋत्य नायजेरियातून प्रवास करत होते. वाटेत त्यांना लहान लाकडी बाहुल्या जवळ बाळगणाऱ्या अनेक स्त्रिया दिसल्या. मूल दगावलेल्या माता अशा बाहुल्या सोबत वागवतात, अशी नोंद त्यांनी केली. त्यातली एखादी मिळवण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. मात्र एकही आई ती द्यायला तयार झाली नाही.

आज याच प्रकारच्या हजारो मूर्ती युरोप आणि अमेरिकेतील संग्रहालयांत काचेआड आहेत. लिलावगृहांत त्यांची बोली लागते. ‘एरे इबेजी’ या नावाने त्या ओळखल्या जातात आणि आफ्रिकी कलेच्या जवळपास प्रत्येक मोठ्या संग्रहात त्यांना स्थान असते. एकेकाळी कोणत्याही मोलाने न मिळणारी वस्तू बाजारात कशी आली, हे समजून घ्यायचे तर आधी ती वस्तू काय आहे हे पाहावे लागते.

योरुबा कोण आहेत?

योरुबा हा पश्चिम आफ्रिकेतील मोठ्या समाजांपैकी एक. नैऋत्य नायजेरियासह शेजारच्या बेनिन आणि टोगो या देशांत त्यांची वस्ती आहे. त्यांची संख्या चार कोटींहून अधिक मानली जाते. लागोस, इबादान, अबेओकुटा, ओयो, इफे ही त्यांची प्रमुख शहरे. इफे हे शहर योरुबांच्या श्रद्धेनुसार जगाच्या निर्मितीचे ठिकाण आहे.

योरुबांच्या पारंपरिक धर्मात ओलोडुमारे हा सर्वोच्च निर्माता. तो दूर आहे. त्याची मूर्ती घडवली जात नाही. माणसाचा रोजचा संबंध येतो तो ‘ओरिशा’ नावाच्या दैवतांशी. मेघगर्जना आणि विजेचा शांगो, लोखंडाचा आणि युद्धाचा ओगुन, नदीची देवी ओशुन, गर्भात माणसाचे शरीर घडवणारा ओबाताला, वाटा आणि चौकांचा एशू ही त्यांपैकी काही नावे. या साऱ्यांना जोडणारी कल्पना म्हणजे ‘अशे’. घडवून आणण्याची शक्ती, असा तिचा ढोबळ अर्थ सांगता येईल. माणसात, झाडात, शब्दात आणि लाकडातही ती असते, असे मानले जाते.

‘एरे इबेजी’ म्हणजे काय?

‘इबी’ म्हणजे जन्म, ‘एजी’ म्हणजे दोन आणि ‘एरे’ म्हणजे घडवलेली प्रतिमा. जुळ्यांपैकी एक मूल दगावले, तर त्याच्यासाठी कोरून घेतलेली लहान लाकडी मूर्ती म्हणजे एरे इबेजी. दोन्ही मुले गेली तर दोन मूर्ती. उंची साधारण वीतभर किंवा त्याहून थोडी अधिक.

योरुबा श्रद्धेनुसार जुळ्या मुलांचा आत्मा एकमेकांत गुंतलेला असतो. एक गेले की तो समतोल ढळतो. गेलेला आत्मा एकटा पडला, तर तो जिवंत भावंडाला आपल्याकडे ओढून नेईल, अशी भीती असते. म्हणून त्याला घरातच एक जागा द्यायची. ती जागा म्हणजे ही मूर्ती. मूर्ती मेलेल्या मुलाची आठवण म्हणून ठेवली जात नाही, तर ते मूल तिथे राहावे म्हणून ठेवली जाते. घरातल्यांच्या लेखी ते मूल गेलेले नसते. त्याने केवळ शरीर बदललेले असते.

जुळ्यांना जन्मतःच ठरलेली नावे मिळतात. आधी जन्मलेले मूल तायवो, म्हणजे जगाची चव आधी घेणारे. नंतरचे केहिंदे, म्हणजे मागून आलेले. मात्र थोरपणाचा मान केहिंदेकडे जातो. बाहेरचे जग कसे आहे ते पाहून ये, असे सांगून केहिंदेने तायवोला पुढे धाडले, अशी समजूत आहे. जुळ्यांनंतर जन्मणाऱ्या मुलाचे नावही ठरलेले असते: इडोवू. जुळ्यांचा प्रभाव कुटुंबावर किती खोल असतो, हे या नावांतूनच कळते.

ही मूर्ती घडते कशी?

मूल दगावल्यावर आईवडील ‘बाबालावो’कडे जातात. बाबालावो म्हणजे इफा या दैवी कौलपद्धतीचा जाणकार. पामच्या १६ बियांच्या आधारे तो २५६ ‘ओडूं’पैकी एकापर्यंत पोहोचतो आणि त्या ओडूशी निगडित कथा व श्लोक सांगून मार्ग दाखवतो. मूर्ती करावी की नाही, हे या कौलातून ठरते. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत इफाचा २००८ मध्ये समावेश झाला.

त्यानंतर कुटुंब कोरीव काम करणाऱ्या कारागिराकडे जाते. तो बहुधा एकाच लाकडाच्या ठोकळ्यातून मूर्ती काढतो. आधी वाकसाने ढोबळ आकार, मग अवयवांची विभागणी, मग पृष्ठभाग गुळगुळीत करणे आणि शेवटी सुरीने केसांची वीण, डोळे आणि गालांवरचे कुळाचे व्रण. घडवून झाल्यावर तिच्यावर विधी होतात. त्यानंतरच ती त्या मुलाचे घर होते.

मूर्ती पाहताना पहिल्यांदा एक गोष्ट खटकते. गेलेले असते तान्हे बाळ. मूर्ती मात्र प्रौढ स्त्री वा पुरुषाची. भरलेली छाती, रुंद खांदे, सरळ उभी देहयष्टी. हे न जगलेल्या आयुष्याचे ऐन तारुण्यातले रूप असते. डोके शरीराच्या मानाने मोठे असते, कारण ‘ओरी’, म्हणजे डोके, हे माणसाच्या नशिबाचे ठिकाण मानले जाते. चेहरा विशिष्ट व्यक्तीसारखा हुबेहूब नसतो. माणूस ओळखू यावा पण त्याची नक्कल होऊ नये, हा योरुबा मूर्तिकलेतला संकेत आहे. लिंग आणि कुळाचे व्रण मात्र अचूक असतात. त्यांवरून आणि केशरचनेवरून मूर्ती कोणत्या गावाकडची, हे अभ्यासक ओळखू शकतात. काही मूर्तींच्या छातीवर त्रिकोणी ताईत कोरलेला दिसतो. तो मुस्लीम ताईताचा आकार आहे. इस्लामशी जवळीक आलेल्या भागांतही ही प्रथा चालू होती, याचा हा पुरावा.

मूर्तीची देखभाल कशी होते?

पुढचे काम आईचे. ती मूर्तीला न्हाऊ घालते, तेल चोळते, कॅमवूड या झाडाच्या लाल लाकडाची पूड अंगाला लावते. केसांना नीळ लावते. पूर्वी ही नीळ वनस्पतीपासून मिळे. पुढे विलायतेहून आलेली, कपड्यांना घालायची नीळ वापरली जाऊ लागली. जुन्या मूर्तींच्या डोक्यावर तिचा निळा थर आजही दिसतो. मूर्तीला मण्यांच्या माळा घालतात. कोणत्या रंगाचे मणी, हे कुटुंबाच्या ओरिशावर ठरते. शांगोचे भक्त लाल-पांढरे मणी घालतात. सुबत्तेची खूण म्हणून कवड्या बांधतात. चवळी आणि पामतेल हा जुळ्यांचा आवडता नैवेद्य मानला जातो. तो मूर्तीच्या ओठांना लावला जातो.

जिवंत जुळ्याला नवे कपडे शिवले, तर मूर्तीलाही मिळतात. त्याला जेवू घातले की तिलाही. आई तिला कमरेच्या वस्त्रात खोचून बाजारात नेते, रात्री निजवते. पुढे जिवंत भावंड मोठे झाले की ही जबाबदारी त्याच्याकडे येऊ शकते. आई वारली तर घरातली दुसरी स्त्री ती सांभाळते.

वर्षानुवर्षांच्या या हाताळणीने मूर्तीचे नाक झिजते, डोळे पुसट होतात, ओठ सपाट होतात. काही मूर्तींचा चेहरा तर दगडगोट्यासारखा गुळगुळीत झालेला असतो. लाकडी शिल्पाच्या दृष्टीने ही हानी; घराच्या दृष्टीने मात्र मुलाची हेळसांड झाली नाही याची ही खूण. मूर्तीची झीज जितकी अधिक, तितकी तिच्यावर झालेली माया अधिक.

जुळ्यांना इतके महत्त्व का?

योरुबांमध्ये जुळ्यांचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या समाजांमध्ये मोडते. १९७० च्या दशकातील संशोधनात नैऋत्य नायजेरियात दर हजार प्रसूतींमागे सुमारे ४५ जुळी नोंदवली गेली. सध्या जागतिक सरासरी हजारामागे १२ च्या आसपास आहे. ओयो राज्यातील इग्बो-ओरा हे गाव तर जुळ्यांची राजधानी म्हणून ओळखले जाते. २०१८ पासून तिथे जुळ्यांचा उत्सव भरतो. यातली बहुतांश जुळी दोन स्वतंत्र बीजांडांपासून होणारी, म्हणजे भिन्न चेहऱ्यांची असतात. रताळ्यासारख्या दिसणाऱ्या ‘याम’ या कंदामुळे असे होते, असे गावकरी सांगतात. विज्ञानाने ते सिद्ध केलेले नाही.

जुळी जितकी अधिक, तितके त्यांचे मृत्यूही अधिक. कमी वजन आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म ही त्याची मुख्य कारणे. हा केवळ इतिहास नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जुळ्यांपैकी जवळपास पाचातले एक मूल पाच वर्षांचे होण्याआधी दगावते. एकट्या जन्मलेल्या मुलांच्या तुलनेत हे प्रमाण जवळपास तिप्पट आहे. एरे इबेजीची प्रथा या वस्तुस्थितीतून उभी राहिली.

योरुबांच्या मौखिक परंपरेत आणखी एक गोष्ट सांगितली जाते. फार पूर्वी त्यांच्यातही जुळी अशुभ मानली जात आणि जन्मतःच मारली जात. मग संकटे आली, कौल घेतला गेला आणि जुळ्यांचा सन्मान करा, असा आदेश मिळाला. हा बदल साधारण १८ व्या शतकाच्या मध्यापासून झाला असावा, असे अभ्यासक मानतात. नायजेरियाच्याच आग्नेय भागात जुळ्यांना मारण्याची प्रथा १९ व्या शतकाच्या अखेरीपर्यंत होती. म्हणजे भीतीचे रूपांतर पूजेत झाले ते शेजारी उलटी प्रथा चालू असतानाच.

देव्हाऱ्यातील इतर मूर्ती कोणाच्या असतात?

परक्या माणसाने योरुबांचा देव्हारा पाहिला तर समोरच्या लाकडी मूर्ती देवांच्याच आहेत, असे त्याला वाटते. बहुतेक वेळा ते चूक ठरते. शांगोच्या देव्हाऱ्यात ‘ओशे शांगो’ हा नृत्यदंड असतो. त्याच्या टोकाला दुहेरी पात्याची कुऱ्हाड, आणि तिच्याखाली बहुधा गुडघे टेकलेली स्त्री. ती कुऱ्हाड म्हणजे आकाशातून पडणारे वज्र. ती स्त्री मात्र देवी नसते, भक्त असते. देवाचा भार डोक्यावर घेणारी, अंगात शांगो येण्याच्या क्षणी शांत राहिलेली भक्त. शांगो हा ओयोचा प्राचीन राजा होता, असे परंपरा सांगते. त्याची स्वतःची उपस्थिती मानली जाते ती आकाशातून पडल्याचे मानलेल्या गुळगुळीत दगडांत. हे दगड लाकडी भांड्यात ठेवतात आणि कित्येकदा ते भांडेही एका कोरलेल्या स्त्रीच्या डोक्यावर असते.

गुडघे टेकणे ही योरुबांमध्ये आदराची मुद्रा. प्रसूतीच्या वेळी स्त्री गुडघ्यांवर येते, म्हणून तिला आणखी खोल अर्थ आहे. देवासमोर अशी मूर्ती ठेवणे म्हणजे न थकता प्रार्थना करणारा माणूस तिथे ठेवणे. कौलाच्या लाकडी ताटाच्या कडेवर एशूचा चेहरा कोरलेला असतो, तो यातला एक ठळक अपवाद.

एरे इबेजीत मूल, शांगोच्या दंडावर भक्त. म्हणजे लाकडात बहुधा माणूस असतो; देव त्याच्यापाशी येतो. ‘मूर्तिपूजक’ हे विशेषण योरुबांना लावणाऱ्यांनी हा फरक पाहिलाच नाही.

मग ही प्रथा ओसरली का?

१९ व्या शतकात योरुबा प्रदेशात इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म वेगाने पसरले. यात एक नाव महत्त्वाचे आहे: सॅम्युअल अजाई क्राउदर. लहानपणी गुलाम म्हणून पकडले गेलेले, सुटका झालेले हे योरुबा गृहस्थ १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झाले. बायबलच्या योरुबा अनुवादात त्यांचा मोठा वाटा. या अनुवादात सैतानासाठी ‘एशू’ हा शब्द आला. देव आणि माणूस यांच्यात निरोप नेणारे, नैवेद्याचा पहिला घास ज्याला द्यायचा ते दैवत एका शब्दाने सैतान ठरले. एशू म्हणजे सैतान नव्हे, असे सांगणारी मोहीम आज समाजमाध्यमांवर चालते, ती त्यामुळेच.

धर्मांतर करणाऱ्या कुटुंबाला घरातील मूर्तींचे काय करायचे, हा प्रश्न पडे. काहींनी त्या जाळल्या, काहींनी मिशनऱ्यांच्या हवाली केल्या, काहींनी माळ्यावर लपवल्या. अनेक घरांत प्रथा संपली नाही, वस्तू बदलली. २० व्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडी मूर्तीच्या जागी बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची बाहुली आली. छायाचित्रकारांनीही वाट काढली. एक जुळे गेले असेल तर जिवंत मुलाचे दोनदा छायाचित्र काढून दोन्ही प्रतिमा शेजारी छापायच्या. मुलगा-मुलगी असे जुळे असेल तर त्याच मुलाला दुसऱ्या वेळी दुसरे कपडे घालायचे. कागदावर जुळे पुन्हा पूर्ण होई. अभ्यासकांनी १९७० च्या दशकात या दोन्ही गोष्टींची नोंद केली.

कारागिरांचीही कथा अशीच गुंतागुंतीची आहे. १९४७ मध्ये फादर केव्हिन कॅरोल या कॅथलिक धर्मगुरूंनी ओये-एकिटी येथे कार्यशाळा सुरू केली. पारंपरिक कारागीर तिथे योरुबा शैलीत ख्रिस्ती विषय कोरू लागले. याच वर्तुळात शिकलेले लामिदी फाकेये पुढे जगप्रसिद्ध झाले. घराणे पिढ्यान्पिढ्या कोरीव काम करणारे, स्वतः मुस्लीम आणि काम चर्चच्या दारांचे तसेच ओरिशांच्या प्रतिमांचेही. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले.

मूर्ती संग्रहालयांत कशा पोहोचल्या?

मार्ग अनेक होते. मिशनरी आणि वसाहतीतील अधिकाऱ्यांनी काही नेल्या. १९१० मध्ये जर्मन अभ्यासक लिओ फ्रोबेनिउस इबादानमध्ये आले, शांगोच्या मंदिरातील कोरीव खांब पाहून प्रभावित झाले आणि या मोहिमेत त्यांनी मोठ्या प्रमाणावर वस्तू जमवल्या. स्वातंत्र्यानंतर १९६० आणि १९७० च्या दशकांत एरे इबेजी मोठ्या संख्येने परदेशी बाजारात आल्या. धर्मांतर, गरिबी, यादवी युद्धाचा काळ आणि पाश्चात्त्य संग्राहकांची मागणी, हे सारे एकाच वेळी जुळून आले. पुरावस्तूंच्या निर्यातीवर बंधने आणणारा कायदा नायजेरियात १९५३ पासून होता. पदरात मावणाऱ्या वस्तूला सीमा ओलांडण्यापासून रोखणे मात्र अवघड होते.

यामुळे परत करण्याचा प्रश्न किचकट होतो. ‘बेनिन ब्राँझ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिल्पांची गोष्ट वेगळी. ती शेजारच्या एडो लोकांची. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने राजवाडा लुटला, त्याची तारीख आहे, लुटारूचे नाव आहे. जर्मनीने २०२२ मध्ये हजाराहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाकडे दिली. एरे इबेजीची मात्र लूट अशी क्वचितच झाली. ती एका घरातून गेली, कधी विकून, कधी चोरीला, कधी टाकून दिल्यामुळे. संग्रहालयातील चिठ्ठीवर बहुधा प्रदेशाचे नाव आणि अंदाजे काळ असतो. आईचे नाव नसते, मुलाचे नसते, कारागिराचेही क्वचितच असते. परत द्यायची तर कोणाला? राज्याला, राजाला की त्या घराला?

संग्रहालयाचा नियम आणि मूर्तीचा धर्म यांतही विरोध आहे. वस्तू टिकावी म्हणून तिला हात लावू दिला जात नाही. ही मूर्ती मात्र हात लागण्यासाठीच घडलेली. बाजारात तर झीज हीच किंमत झाली. गुळगुळीत चेहऱ्याच्या मूर्तीला अधिक मोल मिळते, म्हणून नव्या लाकडावर खोटी झीज आणि खोटा लाल थर चढवणारेही निपजले.

आज या श्रद्धेची स्थिती काय?

योरुबांमध्ये आज ख्रिस्ती आणि मुस्लीम बहुसंख्य आहेत. पारंपरिक धर्म, ज्याला ‘इशेशे’ म्हणतात, तो टिकून आहे आणि अलीकडे अधिक उघडपणे बोलू लागला आहे. २० ऑगस्ट हा इशेशे दिवस म्हणून पाळला जातो. २०२३ मध्ये लागोससह काही राज्यांनी त्यासाठी सुट्टी दिली. त्याच वर्षी इलोरिन शहरात मात्र अशाच उत्सवाला मुस्लीम गटाने विरोध केला आणि वाद पेटला. लागोसमध्ये योरुबा संस्कृती आणि इतिहासाला वाहिलेले जॉन रँडल केंद्र उभे राहिले आहे.

अटलांटिकपार गुलाम म्हणून नेलेल्या योरुबांनी हे ओरिशा ब्राझील आणि क्युबातही जिवंत ठेवले. ब्राझीलमध्ये इबेजींची सांगड कॉस्मे आणि दामियाओ या जुळ्या ख्रिस्ती संतांशी घातली गेली. सप्टेंबरच्या अखेरीस साल्वादोर शहरात त्यांच्या नावाने भेंडी आणि पामतेलाचा ‘करुरू’ रांधला जातो आणि तो आधी लहान मुलांना वाढतात.

नैऋत्य नायजेरियात कारागीर आजही एरे इबेजी कोरतात. बहुतेक पर्यटकांसाठी, काही अजूनही कौल घेऊन आलेल्या कुटुंबांसाठी. दोन्ही मूर्ती दिसायला सारख्याच असतात. वेगळेपण कळायला काही वर्षे जावी लागतात. एकीचे नाक-डोळे कोरले तसेच राहतात. दुसरीचे न्हाऊ घालून, तेल चोळून हळूहळू पुसले जातात.